सुसरू नको!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत बनवलेल्या भाषांवरचा लेख मी दोनदा वाचला आणि फॅमिली ग्रुपवर पण टाकला, कारण मराठी पेपरात एस्पेरान्तोचं, म्हणजे निरनिराळ्या देशांतल्या लोकांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून बनवलेल्या भाषेचं, नाव दिसणं हेच नवल. लेख चांगलाच होता, पण शेवटी लेखकाने जे म्हटलंय ना, की टेबलावर बसून तयार केलेल्या भाषेत व्याकरण असतं, शब्द असतात, पण वाक्प्रचार नसतात, टोमणा नसतो, कारण तिच्यामागे ना घर ना अंगण, ते मला अजिबात पटलं नाही. का पटलं नाही हे सांगायला एक क्रियापद पुरे आहे. पत्र लांबणार आहे, जमेल तेवढं छापा.

ते क्रियापद म्हणजे क्रोकोदिली.

मी एस्पेरान्तो २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मोबाइलवर शिकले, ड्युओलिंगोवर, रोज दुपारी जेवणं आटोपली की अर्धा तास. एस्पेरान्तोत प्रत्येक नाम ओ वर संपतं आणि क्रियापदाचं मूळ रूप ई वर. क्रोकोदिलो म्हणजे मगर. त्यातला ओ काढा, ई लावा, झालं क्रियापद. मग पुढची रूपं पाठ करायचीच नाहीत, क्रोकोदिलास वर्तमानकाळ, क्रोकोदिलिस भूतकाळ, क्रोकोदिलोस भविष्यकाळ, आणि कुणाला सांगायचं असेल तर क्रोकोदिलु. सगळ्या क्रियापदांना हेच, अपवाद नाही. आपल्या मराठीत पण हे होतंच, शाळेत नामधातू म्हणून शिकवायचे ना, रागापासून रागावणे, पाण्यापासून पाणावणे, हातापासून हाताळणे. फक्त आपल्याकडे कुठल्या नामाला काय चिकटेल ह्याचा नेम नाही, पाण्याचं पाणावणं झालं म्हणून तुपाचं तुपावणं होत नाही, तिथे मात्र कुठल्याही वस्तूला ई लावा आणि कामाला लावा.

आता अर्थ. शब्दशः 'मगर करणे', 'मगरणे', पण पाण्यात डुंबण्याशी त्याचा काही संबंध नाही. जिथे चार देशांची माणसं एस्पेरान्तो बोलायची म्हणून जमलीत तिथे कुणी आपल्या गाववाल्याला गाठून आपल्या मातृभाषेत सुरू झाला की तो मगरतोय. समजा संमेलनात चहाच्या टेबलावर दोन फ्रेंच आहेत, एक जपानी, एक ब्राझीलची बाई, आणि दोघे फ्रेंच आपसात फ्रेंचमध्ये हसायला लागले, जपानी माणूस कपाकडे बघत बसला, की कुणीतरी म्हणणार, ने क्रोकोदिलु! मगरू नका! म्हणायची पद्धत अशी की ज्याला म्हटलं तो पण हसतो आणि वळतो. लेखकाला टोमणा हवा होता, हा घ्या टोमणा, आणि तो एका शब्दाचा आहे.

हा अर्थ त्या भाषेच्या जन्मदात्याने बसवलेला नाही. झामेनहोफ डोळ्यांचे डॉक्टर, १८५९ साली बियालिस्टोकमध्ये जन्मलेले, तेव्हा ते गाव रशियाच्या राज्यात होतं आणि गावात रशियन, पोलिश, जर्मन, यिद्दिश बोलणारे शेजारी-शेजारी राहून एकमेकांचा दुस्वास करायचे. ते बघत हा मुलगा मोठा झाला. १८८७ साली वॉर्सात त्यांनी पहिलं छोटं पुस्तक काढलं, डॉक्टर एस्पेरान्तो ह्या टोपणनावाने, म्हणजे आशा धरून बसलेला डॉक्टर, आणि पुढे लोकांनी ते नावच भाषेला दिलं. त्यांनी दिलं काय तर सोळा नियम आणि नऊशेच्या आसपास धातू. १९०५ साली फ्रान्सच्या बुलोन गावात पहिलं जागतिक संमेलन भरलं, वीस देशांतले ६८८ लोक आले, आणि कागदावरची भाषा तोंडात आली. (त्याच १९०५ साली आमच्या ग्वाल्हेरचा मेळा माधवराव शिंद्यांनी सुरू केला, हे मला उगाच आवडतं.) तोंडात आली म्हणजे घसरणं आलं, भांडणं आली, लग्नं आली, आई एका देशाची बाप दुसऱ्या देशाचा आणि घरात एस्पेरान्तो, अशी जन्मापासून ती बोलणारी मुलंही आज आहेत. म्हणजे घर आहे, अंगण पण आहे. आणि मग ह्या माणसांनी आपल्या गरजेपोटी हे मगरीचं क्रियापद काढलं.

मगरच का, ह्याच्या कथा दोन-तीन सांगतात. एक म्हणजे मगरीचं तोंड मोठं आणि मेंदू लहान, सरळ शिवीच ती. दुसरी मला जास्त जवळची वाटते. आंद्रेओ चेह नावाचे एक कॅथलिक पाद्री होते, ट्रान्सिल्व्हेनियाचे, १८९५ चा जन्म. ते युरोपभर फिरून एस्पेरान्तो शिकवायचे आणि भाषांतर करून सांगायचेच नाहीत, पहिल्या दिवसापासून सगळं एस्पेरान्तोतच, हातवारे करून, वस्तू दाखवून, सगळ्या वर्गाकडून एका सुरात उत्तरं घेऊन. गोष्ट अशी सांगतात की त्यांच्याकडे एक लाकडी मगर होती, आणि ज्याला आपल्या भाषेत बोलल्यावाचून राहवतच नाही त्याने ती मगर हातात धरून बोलायचं. मगर हातात नाही तर एस्पेरान्तो. आहे ना छान? मनाई नाहीये, दंड नाहीये, फक्त हातात काहीतरी आहे, म्हणजे आपण आत्ता काय करतोय हे आपल्यालाही कळतं आणि समोरच्यालाही.

ही गोष्ट वाचली तेव्हा मला थेट आमचा लष्करचा वाडाच दिसला.

ग्वाल्हेरच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, १८१० साली दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ इथे पडला, त्याचं गाव झालं, त्याचं नावच लष्कर राहिलं. आम्ही मराठी लोक इथे सात-आठ पिढ्यांचे. पत्ता सांगताना आजही 'चिटणीस की गोठ' सांगतो, त्यातला गोट म्हणजे छावणी हा आपला मराठी शब्द आणि मधला 'की' हिंदी, असंच आमचं सगळं आहे. घरात आजी-आजोबांशी मराठी, बाहेर पडलं की हिंदी, आणि आता बाहेरचं आत आलंय. हळदीकुंकवाला पंधरा बायका जमतात, सगळ्या मराठी, सगळ्यांना येतं, पहिली दहा मिनिटं मराठी चालतं आणि मग कुणीतरी भाजीच्या भावावरून 'अरे वो तो लूट मचा रखी है' म्हणते की संपलं, निघेपर्यंत हिंदी. कुणी ठरवून करत नाही. एस्पेरान्तोवाल्यांची मगर मातृभाषेत घसरते, आमची शेजारच्या भाषेत घसरते, पण घसरायचं कारण एकच, तिकडे उतार आहे. म्हणजे मगरणे हे क्रियापद कुठल्या एका भाषेच्या विरुद्ध नाहीच, ते त्या उताराचं नाव आहे, आणि आपल्याकडे ह्याला नावच नव्हतं. नाव नाही म्हणून टोकता येत नाही, टोकलं तर लांबलचक भाषण होतं, मातृभाषा, संस्कृती, पूर्वज, आणि समोरचा तोंड फिरवतो.

मी दर रविवारी सकाळी आमच्या वाड्यात मुलांना मराठी शिकवते, नऊ मुलं आहेत, सात ते तेरा वर्षांची. मेळ्यातून एक लाकडी मगर आणली, वीतभर, हिरवी, सांध्यांवर वळणारी, शेपटीचा रंग आठवड्यातच उडाला. मुलांना चेहबाबांची गोष्ट सांगितली. शब्द काय ठेवायचा? मी म्हटलं मगरणे. एक नऊ वर्षांचा मुलगा लगेच म्हणाला, आजी, पण मगर म्हणजे लेकिन. खरंच की, हिंदीत मगर म्हणजे पण, मुलं दिवसभर तोच अर्थ ऐकतात. मग मी त्यांना सुसर शब्द दिला, तो कुणालाच माहीत नव्हता, आणि त्याबरोबर माकडाची आणि सुसरीची गोष्ट, सुसरबाई तुझी पाठ मऊ. माकडाला नदी पार करायची आहे म्हणून ते काटेरी पाठीला मऊ म्हणतं. मुलांना इतकी पटली ती गोष्ट! सुसरणे. सुसरला, सुसरली, सुसरू नको. 'विसरू नको, सुसरू नको' हे त्यांनीच जुळवलं आणि पुढचे पंधरा मिनिटं तेच ओरडत होते, मी पण थांबवलं नाही.

आता खरं सांगायचंय ते पुढे आहे. एक मुलगी, सहावीतली, तिने पहिल्या रविवारी ती सुसर उचलली ती सोडलीच नाही. दुसऱ्या रविवारी आली आणि आधी सुसर मांडीवर घेऊन बसली. तिसऱ्या रविवारी पण. सगळं ऐकायची, सगळं समजायचं, उत्तर हिंदीत. बाकीच्या मुलांनी कुरकुर केली की आम्हाला मिळतच नाही. मी तिला काही म्हटलं नाही, खेळाचा नियमच तो. वर्ग सुटल्यावर चपला घालताना तिने आपणहून सांगितलं, सुसर काखेत धरूनच, हिंदीतच. मागच्या उन्हाळ्यात मामाकडे पुण्याला लग्नाला गेली होती. तिथे ती म्हणाली, मला जाणं आहे, मी चालते. मामेभावंडं खो खो हसली, मग दोन दिवस जो भेटेल त्याला सांगत होती, ही बघा ही म्हणते मला जाणं आहे, म्हण ना गं परत. तेव्हापासून तिने मराठी बोलायचं सोडलं.

संपादक महाराज, 'मला जाणं आहे' ही आमची ग्वाल्हेरची मराठी आहे. माझी आजी असंच बोलायची. तुम्ही म्हणता मला जायचंय, आम्ही म्हणतो मला जाणं आहे, तुम्ही म्हणता मी येते, आम्ही म्हणतो मी चालते. ह्याच्यावर हिंदीची सावली आहे हे मला कळतं, दोनशे वर्षं हिंदीच्या अंगणात राहिल्यावर सावली पडणारच. पण ते सुसरणं नाही! तो मराठीत पाय घट्ट रोवून चालणारा माणूस आहे, त्याच्या चालीत इथली लकब आहे इतकंच. सुसरणं म्हणजे चालायचं सोडून पाठीवर बसणं. आणि त्या मुलीला पाठीवर कुणी बसवलं? हसणाऱ्यांनी बसवलं. चूक दाखवणारे निघून जातात, मूल गप्प होतं ते होतंच.

एस्पेरान्तोत पण हेच आहे. तिथे एक शब्दजोडी आहे, एतेर्ना कोमेन्त्सान्तो, म्हणजे सदाचा नवशिका, वर्षानुवर्षं वर्गात येतो पण तोंड उघडत नाही आणि उघडलं की मगरतो. मला आधी वाटायचं आळशी असेल. पण मी स्वतः पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर एका हंगेरीच्या बाईंशी बोलले ना, तेव्हा घसा कोरडा पडला होता, व्याकरण सगळं येत असून तोंडातून इंग्रजीच बाहेर यायला लागलं. भीती असते ती. त्या बाईंनी काय केलं, स्वतःचा वेग अर्ध्यावर आणला आणि माझं चुकलेलं वाक्य तसंच घेऊन त्याचं उत्तर दिलं, दुरुस्ती केली नाही. पाचव्या मिनिटाला माझं इंग्रजी आपोआप बंद झालं.

मगरीच्या कुळातली अजून क्रियापदं आहेत. अलिगातोरी म्हणजे समोरच्याने आपली भाषा कष्टाने शिकलेली आहे आणि आपण त्याच्याशी आपल्या मातृभाषेत आरामात बोलतोय, कायमानी म्हणजे दोघांचीही नसलेली तिसरीच भाषा बोलत बसणं. ही दोन मी पटकन सोडते, कारण चौथं आमच्या दारचं आहे. गाविआली. गाविआलो म्हणजे घडियाल, लांब निमुळत्या जबड्याची मगर, आणि हा शब्द मुळात आपल्या देशातलाच, घडियाल, नराच्या नाकावर घड्यासारखा फुगा असतो म्हणून, तो फ्रेंचांच्या कागदावर गेला आणि तिथे र चा व्ही होऊन गाविआल झाला. आज जगातले सगळ्यात जास्त घडियाल आमच्या चंबळ नदीत आहेत. इथून मोरेन्याकडे निघालं की देवरी लागतं, तिथे नदीकाठची अंडी आणून उबवतात, पिल्लं एक मीटरच्या वर वाढली की परत चंबळेत सोडतात. तर गाविआली म्हणजे काय? बरोबर उलटं. जिथे दुसरी भाषा बोलणं शोभलं असतं तिथे हट्टाने एस्पेरान्तोच बोलत राहणं.

म्हणजे ह्या लोकांनी आपल्याच भाषेच्या अतिरेकाला पण क्रियापद दिलं. मला ह्याचं फार वाटलं, कारण मी स्वतः वर्षभर घडियालणी केली आहे. माझी सून भिंडची, हिंदी घरची. नवीन आली तेव्हा आम्ही जेवताना सगळे मराठीत बोलायचो, मी तर मुद्दाम, म्हटलं कानावर पडेल, शिकेल. ती पोळ्या वाढायची, बसायची, आम्ही हसलो की हसायची. एकदा ओट्यापाशी ती मला म्हणाली, मम्मी, आप सब हँसते हो तो मैं भी हँस देती हूँ, बाद में इनसे पूछती हूँ कि हँसे क्यों थे. माझ्या हातातला डाव तसाच राहिला. भाषा बरोबर होती, जागा चुकली होती. त्या दिवसापासून जेवताना हिंदी, आणि रोज चहाच्या वेळी आम्ही दोघीच बसून दहा मिनिटं मराठी, तिला हवे ते शब्द. आज ती भाजीवाल्या मावशींना मराठीत विचारते, आणि हो, ती पण म्हणते, मला मेथी घेणं आहे.

म्हणून मला हिंदीशी भांडण लावायचं नाही, कुणी तसं वाचू नये. इथून शिवपुरीच्या पलीकडे श्योपूर, तिथे १९१७ साली गजानन माधव मुक्तिबोध जन्मले, घर मराठी, लिहिलं हिंदीत, आणि धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. दोघांपैकी कुणीही सुसरलं नाही, ज्याला जिथे खोल पाणी सापडलं तिथे तो पोहला. आणि विनोबांचं तर सांगायलाच हवं. १९६० च्या मे महिन्यात ते चंबळच्या बीहडात, म्हणजे नदीकाठच्या घळींत, पायी आले, बागींनी, म्हणजे इथल्या दरोडेखोरांनी, त्यांच्यापुढे बंदुका टाकल्या, हे भिंड-मोरेन्यात आजही सांगतात. पण त्याच सुमाराला टिबोर सेकेल नावाचे युगोस्लाव्हियाचे प्रवासी लेखक त्यांना एस्पेरान्तो शिकवायला आले होते आणि विनोबांनी ती शिकून घेतली, हे आमच्या इकडे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. पंधरा-वीस भाषा वाचणारा गागोद्याचा मराठी माणूस, वयाची चौसष्ट वर्षं झालेली, आणि परत अ आ इ पासून सुरुवात.

त्या मुलीचं काय झालं ते सांगून थांबते. चौथ्या रविवारी मी सगळ्यांना सांगितलं की आपल्या वर्गात 'जाणं आहे' चालतं, 'चालते' चालतं, आणि जो हसेल त्याच्या हातात सुसर पुढचा पूर्ण तास. ती काही बोलली नाही. पाचव्या रविवारी तिने सुसर खिडकीत ठेवली, माझ्या शेजारी न ठेवता खिडकीत, हात लांब केला तर पोचेल इतकीच, आणि देवरीला शाळेच्या सहलीत पाहिलेलं सांगायला लागली. अडकली की खिडकीकडे बघायची. दोनदा उठून गेली, दोनदा हात लावून परत आली.

मग तिने ते लिहून काढलं, सहा ओळी आहेत, ह्या पत्रासोबत जोडते आहे. आपल्या बालवाचकांच्या कोपऱ्यात जागा असेल तर छापा. एकच विनंती, शेवटची ओळ तिने अशी लिहिली आहे, 'घडियालची पिल्लं मला पुन्हा पाहणं आहे.' ती दुरुस्त करू नका.

आपली,
एक वाचक
चिटणीस की गोठ, लष्कर, ग्वाल्हेर